अठराशे रुपयांचा फरक आणि एक सतरा आकडी संख्या



आज बचत, कर्ज, परतफेड यांपैकी काही सांगणार नाही. आज एका संख्येची ओळख करून देणार आहे. रेडिओवर मी ती एकेक आकडा करून दोनदा सांगितली, तरी कार्यक्रम संपल्यावर फोन आले की लिहिताना निम्म्यातच चुकलं. इथे ती छापून येते आहे, तेव्हा नीट बघून घ्या.

१२३४५६७८९८७६५४३२१

एकापासून नवापर्यंत जिना चढायचा आणि नवावरून पुन्हा एकापर्यंत उतरायचा. झाले सतरा आकडे. डावीकडून वाचा की उजवीकडून, तीच संख्या. लहानपणी आपण 'चिमा काय कामाची' उलटसुलट म्हणायचो ना, तशी.

वाचायची कशी, हा दुसरा प्रश्न. आपल्या पद्धतीने वाचायची तर एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस. म्हणजे कोटींचेच कोटी. आपल्या तोंडी कोटीच्या पुढचे शब्द फारसे राहिले नाहीत. पण भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या 'लीलावती'त एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं आहेत. कोटीच्या पुढे अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि मग परार्ध. आपल्या संख्येचा पहिला एक 'मध्य' या घरात बसतो. परार्धाच्या एकच पायरी अलीकडे.

आता म्हणाल, बचत गटाच्या बाईला ही संख्या कुठे भेटली? ती भेटली एका भांडणातून.

आमच्या एका गटाची मासिक बैठक होती. पेटी ज्यांच्या घरी असते त्यांना आम्ही सगळ्या अक्का म्हणतो. वय साठीच्या पुढे, सगळी हयात बिड्या वळण्यात गेलेली, पाने कापता कापता नोटा मोजतील आणि चुकणार नाहीत अशा. त्या दिवशी वहीप्रमाणे पेटीत २१,७४० रुपये हवे होते. मोजले तर १९,९४०. पुन्हा मोजले, तेवढेच. अठराशे कमी.

पहिल्या दिवशी कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी नळावर बोलणं झालं. तिसऱ्या दिवशी अक्कांच्या सुनेच्या कानावर गेलं, की 'घरात पेटी असल्यावर हात जातोच'. चौथ्या दिवशी अक्कांनी पेटी उचलून माझ्या दारात आणून ठेवली. आत आल्या नाहीत. "पोरी, मोजून घे," एवढंच म्हणाल्या. सहा वर्षं पेटी त्यांच्याकडे होती.

त्या रात्री मी आमच्या गटांचं ऑडिट करणाऱ्या काकांना फोन लावला.

"वहीत जास्त की पेटीत जास्त?" त्यांनी विचारलं.

"वहीत. अठराशे."

"ताई, आधी अठराशेचीच एखादी नोंद दोनदा पडली आहे का बघा. नसेल तर निम्मे करा. नऊशे रुपये खर्चाच्या रकान्यात जायचे ते जमेत गेले असतील, तर फरक दुप्पट दिसतो."

दोन्ही नव्हतं. मी तपासून पुन्हा फोन केला.

"मग अठराशेला नवानं भागा."

"दोनशे."

"पूर्ण भाग गेला ना? मग बहुतेक कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत. अशी नोंद शोधा, जिच्यात हजाराचा आकडा शतकाच्या आकड्यापेक्षा दोनने मोठा आहे."

त्या महिन्याचं एकच पान होतं. वरून खाली बोट फिरवलं. कर्जाच्या परतफेडीच्या रकान्यात, सहाव्या ओळीत, ५,३०० होते. त्या सदस्य वहिनींकडे सकाळी सातला गेले आणि त्यांचं पासबुक मागितलं. त्यात ३,५०० होते. त्यांनी पस्तीसशे भरले होते, वहीत त्रेपन्नशे पडले होते. फरक बरोबर अठराशे.

वहीतलं ते अक्षर माझं होतं. सचिव त्या दिवशी लग्नाला गेली होती, म्हणून मी लिहायला बसले होते, एका कानाला फोन लावून.

अक्कांकडे काय तोंडाने गेले ते माझं मला माहीत. ते असो. पण काकांना घरबसल्या, वही न बघता, चूक कुठल्या प्रकारची आहे आणि कुठल्या घरात आहे हे कसं कळलं, याने माझी झोप उडाली. कॉलेजात मी बी.ए. केलं, गणित दहावीनंतर सोडलेलं. तेव्हा मला समजेल अशा पद्धतीने मी ते समजून घेतलं, आणि तसंच तुम्हाला सांगते.

नऊ बायकांचा गट आहे असं समजा. दहा रुपये सगळ्यांत सारखे वाटायचे. प्रत्येकीला एक, आणि एक रुपया उरला. शंभर रुपये वाटले, प्रत्येकीला अकरा, आणि पुन्हा एकच रुपया उरला. हजार वाटले, प्रत्येकीला एकशे अकरा, आणि उरला एकच. नऊ जणींत वाटताना दहा असो, शंभर असो की हजार, मागे एक रुपया राहतोच.

मग पस्तीसशे वाटले तर? तीन हजारांचे तीन उरले, पाच शेकड्यांचे पाच उरले. एकूण आठ. त्रेपन्नशे वाटले तर? पाच हजारांचे पाच, तीन शेकड्यांचे तीन. तेही आठच. आकडे तेच आहेत, फक्त घरं बदलली आहेत, म्हणून उरलेले रुपये सारखेच. करून बघा. ३,५०० मध्ये प्रत्येकीला ३८८ येतात आणि आठ उरतात. ५,३०० मध्ये प्रत्येकीला ५८८ येतात आणि आठच उरतात. आता मोठ्या रकमेतून लहान वजा केली की आठातून आठ गेले, काहीच उरलं नाही. म्हणून फरकाला नवाने पूर्ण भाग जातो, प्रत्येकी दोनशे. कुठलीही संख्या घ्या, तिचे आकडे हवे तसे फिरवा आणि वजा करा, उत्तराला नवाने भाग जाणारच. काका हेच वापरत होते.

घर कसं कळलं, तेही सोपं आहे. एकक आणि दशक यांची अदलाबदल झाली तर फरक नऊच्या पाढ्यात येतो, ९, १८, २७ असा. दशक आणि शतक यांची झाली तर नव्वदच्या पाढ्यात. शतक आणि हजार यांची झाली तर नऊशेच्या. अठराशे म्हणजे नऊशे दुणे. म्हणून हजार-शतकाची अदलाबदल, आणि त्या दोन आकड्यांत दोनचा फरक. तुमच्या वहीत २७० चा फरक आला तर नव्वद त्रिक. मग दशक आणि शतक बघा, तीनचा फरक असलेले.

पण एक सांगते. नवाने भाग गेला म्हणजे चूक सापडली असं नाही. सरासरी दर नऊ रकमांत एकीला तसाही भाग जातो. पेटीतून कुणी खरोखर अठराशे उचलले असते तरी गेला असता. नऊ फक्त आधी कुठे शोधायचं ते सांगतो. खरं-खोटं ठरवलं ते त्या वहिनींच्या पासबुकाने. म्हणून पासबुकावर त्याच वेळी, सगळ्यांसमोर नोंद करा हे मी प्रत्येक बैठकीत ओरडून सांगते. कंटाळलात तरी चालेल.

आता आपल्या मोठ्या संख्येकडे या.

वाटप पुढे चालू ठेवा. दहाचे वाटप केले, प्रत्येकीला १. शंभराचे, ११. हजाराचे, १११. दहा हजारांचे, १,१११. प्रत्येक वेळी हातात फक्त एक, एक, एक. असं करत अब्जापर्यंत या, म्हणजे शंभर कोटी रुपये. ते नऊ जणींत वाटले तर प्रत्येकीला ११,११,११,१११ रुपये मिळतील. अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. नऊ वेळा एक. आणि पेटीत उरेल, हो, एक रुपया.

केवढी आहे ही रक्कम? २०११ च्या जनगणनेत आपल्या महाराष्ट्राची लोकसंख्या सव्वाअकरा कोटींच्या आसपास होती, जवळपास तेवढीच. आमच्या अक्कांच्या भाषेत सांगायचं तर रोज हजार बिड्या वळणारी बाई एकही सुट्टी न घेता बसली, तर तेवढ्या बिड्या व्हायला ३०४ वर्षं लागतील.

आता या संख्येला तिनेच गुणा. म्हणजे साधारण सगळ्या महाराष्ट्राएवढी माणसं बसली आणि प्रत्येकाने ३०४ वर्षांच्या बिड्या वळल्या. उत्तर येतं ते हे, १२३४५६७८९८७६५४३२१.

एवढ्या मोठ्या गुणाकाराला घाबरायचं कारण नाही. लहानापासून सुरू करा.

११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

शाळेत शिकलो तसा उभा गुणाकार मांडा. एकाने गुणायचं, म्हणजे तीच ओळ पुन्हा लिहायची, दर वेळी एक घर डावीकडे सरकवून. तीन एकांच्या तीन ओळी, प्रत्येक ओळ एका घराने सरकलेली. उजव्या टोकाच्या घरात एकच एक पडतो, त्याच्या शेजारी दोन, मधल्या घरात तीन, मग पुन्हा दोन, पुन्हा एक. घड्या घातलेल्या चादरी एकावर एक थोड्या सरकवून ठेवल्या तर मध्ये थर जाड आणि दोन्ही कडांना पातळ होतो, तसंच. नऊ एक घेतले की मध्ये नऊ थर येतात, आणि नऊ हा एका घरात मावणारा सगळ्यात मोठा आकडा. कुठेही हातचा येत नाही. म्हणून जिना मोडत नाही.

दहा एक घेतले की मोडतो. मधल्या घरात दहा येतात, हातचा एक डावीकडे जातो, तिथल्या नवाचे दहा होतात, पुन्हा हातचा. उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. चढताना आठ गायब, माथ्यावर दोन शून्यं. म्हणून हातचा न घेता, न अडखळता नवापर्यंत चढून उतरणारी ही एकच. यानंतर असा अखंड जिना आपल्या दशमान पद्धतीत नाही.

आता तिच्या पोटात काय आहे ते बघू. आधी नऊ एकांची संख्या फोडू. तिला नवाने भाग जातो, कारण नऊ एकांची बेरीज नऊ. भागाकार येतो १२३४५६७९. यातही आठ नाही! हा आठ-नसलेला आकडा मुलांना द्या, संध्याकाळ निघून जाईल. त्याला ९ ने गुणलं की नऊ एक, १८ ने गुणलं की नऊ दोन, २७ ने गुणलं की नऊ तीन, आणि असं ८१ पर्यंत, तिथे नऊ नऊ. माझ्या मुलाने पाढा पाठ करायला नकार दिला होता. या खेळापायी नवाचा पाढा आपोआप पाठ झाला.

१२३४५६७९ अजून फुटतो. ३७ गुणिले ३३३६६७. या दोन्ही मूळ संख्या आहेत, म्हणजे एक आणि स्वतः सोडून कुणाचाच भाग जात नाही अशा. तेव्हा आपली सतरा आकडी संख्या म्हणजे ३ चार वेळा, ३७ दोनदा आणि ३३३६६७ दोनदा, एवढ्यांचा गुणाकार. दिसायला डोंगर, पण आत तीनच प्रकारचे दगड.

तिच्या सगळ्या आकड्यांची बेरीज करा. चढताना एक ते नऊ, पंचेचाळीस. उतरताना आठ ते एक, छत्तीस. एकूण ८१. आणि तिला ८१ ने पूर्ण भाग जातो, भागाकार १५२४१५७८९९७१०४१. स्वतःच्याच आकड्यांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येला 'हर्षद' म्हणतात, हर्ष देणारी. १८ ही हर्षद आहे, कारण एक आणि आठ नऊ, आणि नऊ दुणे अठरा. आमचे अठराशेही हर्षद निघाले, नऊ गुणिले दोनशे. त्या आठवड्यात मात्र आमच्या गटात कुणालाच हर्ष नव्हता.

हे 'हर्षद' नाव एका मराठी शाळामास्तरांनी दिलं. आणि आपल्या जिन्यासारख्या संख्यांनाही त्यांनीच नाव दिलं, डेम्लो संख्या. त्यांचं नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणू. आई ते आठ वर्षांचे असताना गेली. वडील कारकून, त्यांना ज्योतिषाचा नाद, त्यातून मुलाला आकड्यांचा लागला. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. १९२७ मध्ये रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं बक्षीस मिळालं, १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी. पुढचं शिक्षण नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवलं आणि उरलेल्या वेळात आकडे मांडले.

डेम्लो हे एका रेल्वे स्टेशनचं नाव, मुंबईपासून तीस मैलांवर, आजचं डोंबिवली. तिथे त्यांना या संख्यांची कल्पना सुचली म्हणून स्टेशनचंच नाव संख्यांना दिलं. मोठमोठे गणिती आपल्या शोधाला राजांची, गुरूंची नावं देतात. कापरेकरांनी स्टेशनचं दिलं, हे मला फार आवडतं.

त्यांच्या नावाने आणखी एक प्रकार आहे, कापरेकर संख्या. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे करा, २० आणि २५. बेरीज पुन्हा ४५. आता आपल्या जिन्याला ८१ ने गुणा. येतं ९९९९९९९९८००००००००१. याचे मधोमध दोन तुकडे करा, ९९९९९९९९८ आणि १. बेरीज नऊ नऊ, ९९९९९९९९९. आणि ती अठरा आकडी संख्या याच नऊ नवांचा वर्ग आहे. म्हणजे आपल्या जिन्याच्या शेजारच्या खोलीत एक कापरेकर संख्या राहते.

पण कापरेकरांचं नाव जगभर गेलं ते एका चार आकडी संख्येमुळे, ६१७४. तिचं आणि आमच्या भांडणाचं नातं तर सख्खं आहे. कुठलीही चार आकडी रक्कम घ्या, फक्त चारही आकडे एकच नकोत. तिचे आकडे मोठ्यापासून लहान असे लिहा, मग लहानापासून मोठे असे, आणि वजा करा. उत्तराचं पुन्हा तसंच करा. आमच्या पस्तीसशेपासून सुरू करते.

५३०० − ००३५ = ५२६५
६५५२ − २५५६ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

पाचव्या पायरीला ६१७४. आणि एकदा तिथे पोचलं की पुन्हा पुन्हा ६१७४ च येत राहतं. तुमची रक्कम कुठलीही असो, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत याच विहिरीत पडते. प्रत्येक पायरीवर आकडे फिरवून वजाबाकी चालू आहे, म्हणजे माझ्या वहीत झालेली चूकच आपण मुद्दाम करतो आहोत. तेव्हा प्रत्येक उत्तराला नवाने भाग जाणार. बघा, ५२६५ ची बेरीज १८, ३९९६ ची २७, बाकी तिन्हींची १८. आणि ६१७४ ला १८ ने भागलं तर ३४३, म्हणजे तीही हर्षद.

कापरेकरांना ही संख्या १९४६ मध्ये सापडली आणि १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ती मांडली. आपल्याकडच्या बऱ्याच गणितींनी याला पोरखेळ म्हणून हसण्यावारी नेलं. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यांच्यावर लिहिलं आणि मग बाहेरच्या जगाला नाव कळलं. तोवर ते सत्तरीचे. १९६६ मध्ये पत्नी गेली, पेन्शन पुरेना, म्हणून गणित-विज्ञानाच्या शिकवण्या घेत. १९८६ मध्ये ते वारले. पोरखेळ म्हणणाऱ्यांना मी एवढंच म्हणेन की आकडे फिरवून वजा केल्यावर काय होतं, या पोरखेळाने एका म्हाताऱ्या बाईवरचा आळ गेला.

आता राहिलं, मी पस्तीसशेचे त्रेपन्नशे कसे लिहिले. फोन हे कारण आहेच, पण दुसरंही आहे. 'पस्तीस' हा शब्द ऐका. आधी पाच ऐकू येतो, मग तीस. लिहिताना मात्र आधी तीन, मग पाच. 'त्रेपन्न' मध्ये आधी तीन, मग पन्नास. मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो. घाईत हात कानाचं ऐकतो. त्यातून सोलापुरात किती घरांत तेलुगू आणि कन्नड. तेलुगूत 'मुप्पै ऐदु', कन्नडमध्ये 'मूवत्तैदु', दोन्हींत आधी तीस आणि मग पाच. घरात एक क्रम, शाळेत दुसरा. आमच्या बैठकीत तिन्ही भाषांतून रकमा सांगितल्या जातात.

२०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात बालभारतीने 'पन्नास तीन', 'तीस पाच' असंही वाचायला शिकवा म्हटलं, तेव्हा राज्यभर केवढी थट्टा झाली आठवतं का? त्या विषय समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर होत्या, स्वतः मोठ्या गणिती, मुलांसाठी सोप्या मराठीत गणित लिहिणाऱ्या. आकडे उलटे लिहिण्याची मुलांची चूक कमी व्हावी म्हणून हा पर्याय आहे, जुने शब्द जाणार नाहीत, असं त्या परोपरीने सांगत होत्या. २०२३ मध्ये त्या गेल्या. त्या थट्टेचे मेसेज मीही पुढे पाठवले होते. आता नाही पाठवणार.

जाता जाता एक कामाची गोष्ट. तुमच्या आधार क्रमांकाचे बारा आकडे आहेत ना, त्यातला शेवटचा आकडा आधीच्या अकरांवरून हिशोब करून काढलेला असतो. एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे उलटे पडले तर संगणकाला लगेच कळतं की हा क्रमांक असूच शकत नाही. आपल्या जुन्या नवाच्या ताळ्याला अदलाबदल पकडता येत नाही, कारण उलट केलं तरी बेरीज तीच. म्हणून तिथे वेगळी, फेरहूफ नावाच्या डच गणितीची रीत वापरतात. मोबाइल नंबरला मात्र असा राखणदार आकडा नाही. मोबाइलवरून पैसे पाठवताना दोन आकडे उलटे झाले तर ते भलत्याच माणसाकडे जाऊ शकतात. तेव्हा समोर आलेलं नाव वाचल्याशिवाय पिन दाबू नका.

अक्कांनी पेटी लगेच परत घेतली नाही. पुढच्या बैठकीत मी सगळ्यांसमोर वही उघडून ती नोंद दाखवली, माझं अक्षर दाखवलं, लाल शाईने एक रेघ मारून बाजूला ३,५०० लिहिलं आणि सही केली. नळावर बोललेल्या दोघी खाली मान घालून बसल्या होत्या. अक्का काही बोलल्या नाहीत. त्याच्या पुढच्या बैठकीला मात्र आल्या आल्या त्यांनी पेटी स्वतःकडे ओढली आणि एक अट घातली. तेव्हापासून आमच्या गटात प्रत्येक रक्कम दोनदा बोलली जाते, आधी आपल्या बोलीत आणि मग एकेक आकडा सुटा करून. पस्तीसशे. तीन, पाच, शून्य, शून्य. लिहिणारी ते मोठ्याने परत म्हणते, अक्का मान डोलावतात, आणि मगच नोट पेटीत जाते.